माझ्याच टेबलावरून न गेलेली फाईल

एसटी स्टँडच्या मुतारीत भिंतीवर काय लिहिलेलं असतं ते आपल्या सगळ्यांना पाठ असतं. मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन, खाली मोबाईल नंबर. सातारा, कराड, स्वारगेट, कुठंही जा, रंग तेवढा बदलतो. मी शाळेपासून हे वाचत आलोय आणि त्यातला मधला शब्द कधी आपल्या वाट्याला येईल असं डोक्यात आलं नव्हतं. आला. डिसेंबर २०२४ मध्ये ऑपरेशन झालं, आणि ऑफिसात कुणाला कळू दिलं नाही. म्हणजे एका माणसाला कळलं, ते पुढं सांगतो.

नाव लिहीत नाही, ऑफिसचंही नाही, सातारा जिल्ह्यातलं एक सरकारी ऑफिस एवढं पुरे. मी आस्थापना शाखेत आहे. ज्यांचा सरकारी ऑफिसशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, इतर शाखांत लोकांच्या फायली असतात, आस्थापनेत ऑफिसातल्या माणसांच्या असतात. सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या पाठीमागच्या कपाटात, रजा, पगारवाढ, बदली, मेडिकल बिल सगळं माझ्या टेबलावरून जातं. कुणाची बायपास झाली, कुणाला दारू सोडवायला कुठं ठेवलं होतं, कुणाची गर्भपाताची रजा, हे घरच्यांनंतर पहिलं मला कळतं. आणि आता लिहायलाच बसलोय तर हेही सांगून टाकतो, ते दरवेळी माझ्यापाशीच राहिलंय असं नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडं एक जण होता, गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं नसबंदी करून घेतली. बायकोची दोन्ही सिझेरियन, आता तिला परत टेबलावर कशाला झोपवायची म्हणून स्वतः गेला. त्यासाठी सरकार विशेष नैमित्तिक रजा देतं. त्यानं अर्ज बंद पाकिटात घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, भाऊसाहेब जरा तुमच्याच पातळीवर बघा. आता पातळी माझी असली तरी आदेश काढायचा म्हटलं की वर विषय लिहावा लागतो, "कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेकरिता विशेष नैमित्तिक रजा मंजूर करणेबाबत", आणि खाली प्रती, एक लेखा शाखेला, एक वैयक्तिक नस्तीला, एक आदेश फाईलला, शिपाई झेरॉक्सला गेला की तिथं दुकानदारही वाचतो. पण खरं सांगायचं तर शिपायाच्या आधी मीच तो कागद शेजारच्या टेबलाला वाचून दाखवला होता, हसू दाबत. मग काय, दोन वर्षं त्याला बघितलं की लोक "काय, लाईन कट केली का?" म्हणायचे आणि तो पण हसायचा बिचारा, करणार काय. नंतर त्याची माण तालुक्यात बदली झाली. कार्यमुक्तीचा आदेश मीच टाईप केला.

मजा म्हणजे बाहेरच्यांसाठी आमचे नियम एकदम कडक. माहिती अधिकारात कुणी आमच्या माणसाच्या रजेचे, मेडिकलचे कागद मागितले की आम्ही कलम ८(१)(ञ) लावून नाकारतो, वैयक्तिक माहिती, आणि जोडीला २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा गिरीश देशपांडे निकाल. हे उत्तर मला झोपेत पण ड्राफ्ट करता येतं. अर्जदार वीस रुपयांचा स्टँप लावून अपिलात जातो आणि हात हलवत परत येतो, आणि तीच माहिती आमच्या गेटसमोरच्या चहाच्या गाडीवर कटिंगबरोबर फुकट मिळते.

तर मला सगळ्यात जास्त कळत होतं की कागद कसा फुटतो. कारण फोडणारा मीच.

२०२४ च्या पावसाळ्यात जागेवर करट आलं. आमच्याकडं जागेवर म्हटलं की पुढं विचारत नाहीत. बसता येईना, ताप आला, गावातल्या डॉक्टरनी चीर देऊन पू काढला, आठ दिवसांत बरं वाटलं. मग परत तिथंच टोचायला लागलं, परत फुटलं, परत बरं. हिचं चाललेलं, अहो पुण्याला दाखवून घ्या, अहो दाखवून घ्या. शेवटी सप्टेंबरात गेलो. पुण्यातल्या सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं की आत बारीक ग्रंथी असतात, त्यात इन्फेक्शन झालं की पू बाहेर यायला वाट करतो, करट फुटतं, वरची कातडी मिटते पण आतली वाट तशीच राहते. उंदराच्या बिळाला दोन तोंडं असतात ना तसं, एक आत एक बाहेर. गोळ्यांनी ते बुजत नाही. एमआरआय काढला, त्यात ती वाट सरळ आणि स्नायूला फार न धरता गेलेली निघाली, म्हणाले नशीबवान आहात. एमआरआयच्या त्या बोगद्यात पंचवीस मिनिटं पडून नशीबवान वाटून घ्यायला जरा जड गेलं.

आयुर्वेदातलं क्षारसूत्र पण चांगलं, हे मला त्यांनीच सांगितलं. सुश्रुतानं भगंदर आठ महागदांत धरलाय, म्हणजे बरा करायला अवघड अशा मोठ्या रोगांत, आणि त्याचे पाच प्रकार केलेत त्यात एकाचं नाव उष्ट्रग्रीव, उंटाची मान. क्षारसूत्रात धाग्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद असे एकवीस लेप देतात आणि तो धागा त्या वाटेतून ओवून ठेवतात, तो हळूहळू कापत आणि भरत जातो. चुलत्यांचं तसंच झालं होतं, उत्तम झालं होतं. पण धागा दर आठवड्याला बदलावा लागतो, म्हणजे किती आठवडे कोण जाणे, दर आठवड्याला साताऱ्यातून गायब, आणि आमच्या वर्षाला नैमित्तिक रजा आठ. मी तिथंच मनात गणित मांडलं. दर बुधवारी रजा टाकणाऱ्या माणसाबद्दल आस्थापना शाखा काय म्हणेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून एकदाच काय ते कापा म्हटलं. उपचार कुठला घ्यायचा हे मी डॉक्टरवर किंवा पैशावर नाही, हजेरीपटावर ठरवलं, आता वाचताना मलाच कसंतरी वाटतंय.

ऑपरेशन दिवाळीनंतर लगेच ठरलेलं, तर विधानसभेची निवडणूक लागली. २० नोव्हेंबर. ड्युटीची ऑर्डर आली. ती रद्द करून घेता येते, अर्ज करा, मेडिकल कागद दाखवा, तिथं टेबल मांडून टीम बसलेली असते. पण त्या रांगेत पुढं-मागं सगळे जिल्ह्यातलेच, मास्तर, ग्रामसेवक, आमच्याच ऑफिसचे दोघं-तिघं, आणि टेबलावरचा माणूस मोठ्यानं विचारणार, "काय त्रास आहे?" मी रांगेपर्यंत गेलो, पुढच्याला "दाखवा कुठं दुखतंय" असं विचारताना ऐकलं आणि मागं फिरलो. ड्युटी केली. १९ तारखेला साहित्य घेऊन एसटीनं एका डोंगराकडच्या गावात, झेडपीच्या शाळेत मुक्काम, पहाटे साडेपाचला मॉकपोल, सातला मतदान सुरू, सहापर्यंत. शाळेतली ती लोखंडी खुर्ची अजून डोळ्यापुढं येते. दर वीस मिनिटांनी उठून मी मतदारांना "या या, इकडं या" करत होतो, केंद्राध्यक्ष म्हणाले, तुमच्यासारखा उत्साही माणूस बघितला नाही.

मग रजा. मेडिकल टाकली असती तर परिवर्तित रजा मिळाली असती, खात्यात भरपूर पडून होती. पण मेडिकल म्हटलं की सर्टिफिकेटवर आजाराचं नाव आणि अंदाजे किती दिवस, परत हजर होताना फिटनेस, आणि माझी फाईल मी स्वतः सादर करायची नसते, ती माझ्या लिंकवाल्याकडं, म्हणजे मी नसताना माझं टेबल बघणाऱ्याकडं जाणार. माझा लिंकवाला म्हणजे तोच शेजारचं टेबल, ज्याला मी मघाचा कागद वाचून दाखवला होता. विषय संपला. एकवीस दिवस अर्जित रजा टाकली, कारण "घरगुती". साहेबांनी बोलावून विचारलं, एवढे दिवस घरगुती म्हणजे काय? माझ्या तोंडातून काय निघालं तर, साहेब, जमिनीच्या वाटणीचं चाललंय, पुण्याला वकिलाकडं बसायचंय. हे कुठून सुचलं देव जाणे. पण आपल्याकडं वाटणी म्हटलं की कुणी शंका घेत नाही, उलट साहेब हळहळले, सही केली आणि त्यांच्या मेव्हण्याची केस सांगत बसले.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. पाठीत सुई, पाय आपले राहत नाहीत, वरती हिरवा पडदा, पलीकडं डॉक्टर आणि भूलवाल्या बाई हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल बोलत होते. तासाभरात बाहेर. जखम शिवत नाहीत, उघडीच ठेवतात, आतून वर भरत यायला पाहिजे म्हणून. पोटावर पालथं पडून मी मोबाईलवर आपल्या रोगाचा इतिहास वाचत होतो, माणूस काय करेल सांगता येत नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई, त्याला हेच झालं होतं. १८ नोव्हेंबर १६८६ ला व्हर्सायच्या राजवाड्यात फेलिक्स नावाच्या सर्जननं कापलं, भूल नाही काही नाही, आणि त्याआधी त्यानं महिनोन् महिने गोरगरिबांवर हात साफ करून घेतला होता. राजानं पण ते गुपितच ठेवलं होतं, हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांनाच माहीत. पण झाल्यावर बातमी फुटली आणि दरबारातल्या लोकांची चढाओढ लागली, काहीजण तर काही झालेलं नसताना मागं पट्टी बांधून फिरायला लागले, आम्हाला पण राजाचाच आजार आहे म्हणून. मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, तुम्हाला कोण राजा समजणार आहे, गप झोपा.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. नागपूरला अधिवेशन होतं, वरून रिक्त पदांची माहिती मागवलेली, ती एक्सेल कुठं ठेवलीय. मी पालथा पडल्यापडल्या फोल्डर सांगतोय, डी ड्राईव्ह, आस्थापना, रिक्त पदे, फायनल, त्यात फायनल दोन, तेवढ्यात सिस्टर दार उघडून तिथूनच, "काका, मोशन झाली का?" खणखणीत आवाज. पलीकडं शांतता. मग साहेब म्हणाले, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, साहेब वकिलांच्या ऑफिसात आहे, त्यांची ज्युनियर आहे, नोटीस ऑफ मोशनचं विचारतीय. साहेब म्हणाले, "अच्छा अच्छा, हायकोर्टापर्यंत गेलंय का." सिस्टर दारात उभी, तिला काही कळेना, तिनं परत विचारलं, आणि गॅस पास होतोय का. तेव्हा मी फोनच कट केला आणि नंतर सांगितलं रेंज गेली.

साताऱ्याला परत येताना गाडीत मागच्या सीटवर कुशीवर, खंबाटकी घाटात प्रत्येक वळणाला हिचा हात घट्ट धरून. जाताना बोगद्यातून सरळ गेलो होतो, येताना घाट, म्हणजे नियती पण काय हिशोब ठेवते बघा.

एकवीस दिवस घरी. दिवसातून तीनदा टबात कोमट पाणी घालून बसायचं, रात्री इसबगोल, ड्रेसिंग. ड्रेसिंग म्हणजे काय तर जखमेतून महिना-दीड महिना पाझरत राहतं, आणि डॉक्टरनी सरळ सांगितलं, सॅनिटरी पॅड वापरा, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. हिनं आपल्या कपाटातलं पाकीट काढून दिलं आणि कसं लावायचं ते दाखवलं, पंख कसे मुडपायचे वगैरे. लग्नाला सतरा वर्षं झाली, ते पाकीट मी मेडिकलमधून काळ्या पिशवीत आणून द्यायचो तेवढाच माझा संबंध. पोरगी आठवीत आहे, ती दारातून बघून गेली आणि काही बोलली नाही, संध्याकाळी माझ्या टेबलावर एक जुना रुमाल आणि पेपरच्या घड्या ठेवलेल्या. टाकताना कशात गुंडाळायचं ते.

जानेवारीत हजर झालो. बसायला मधे भोक असलेली उशी लागायची, तिला कव्हर शिवून घेतलं. उशी दिसणारच, तर तयारी करून गेलो होतो, कोर्टाच्या बाकड्यावर बसून बसून कंबर धरली. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू. हे एवढं चाललं की विचारू नका. लेखा शाखेतले अण्णा दुसऱ्या दिवशी महानारायण तेलाची बाटली घेऊन आले, आवक-जावकच्या मॅडमनी त्यांच्या मिस्टरांचा पट्टा आणून दिला आणि मी तो त्यांच्यासमोर शर्टावरून बांधून दिवसभर बसलो, साहेबांच्या ड्रायव्हरला वाईकडचा एक हाडवैद्य माहीत होता, तो शनिवारी घेऊन जायला घरापर्यंत आला. शनिवार सुट्टीचा, पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून शनिवारी बहाणा पण करता येत नाही. हिनं दारातच सांगितलं की पाहुण्यात मयत झालीय. तेवढ्यासाठी एक पाहुणा मारावा लागला. आणि हे सगळे लोक मनापासून करत होते हो, एकाच्याही पोटात पाप नव्हतं. त्यांना खरं माहीत असतं तर यातल्याच अण्णांनी चहाच्या गाडीवर काय केलं असतं ते पण मला माहिताय. दोन्ही एकच अण्णा.

खरी पंचाईत पॅडची. ऑफिस पावणेदहा ते सव्वासहा. दुपारी एकदा तरी बदलावंच लागायचं. डब्याच्या पिशवीत डब्याखाली दोन ठेवलेले असायचे. खुर्चीतून उठताना मागं वळून खुर्चीकडं बघायची सवय लागली, एकदा तसं बघताना समोर आवक-जावकच्या मॅडम पण उठून तसंच आपल्या खुर्चीकडं बघत होत्या, आणि मला एकदम कळलं की हे मी रोज बघत होतो. वीस वर्षं त्यांच्यासमोर बसतोय.

पण बदलल्यावर टाकायचं कुठं? बायकांच्या टॉयलेटमध्ये डबा असतो. पुरुषांच्या नाही. कधीच नव्हता, कुणाला कशाला लागेल. पहिले दोन दिवस पेपरात गुंडाळून परत डब्याच्या पिशवीत घालून घरी नेलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी माझ्या पिशवीत हात घालून "काय आणलंय आज" केलं (ते कायम करतात, माझी चटणी त्यांना आवडते) आणि माझा जीव गळ्यात आला. त्या दिवसापासून मी तो पुडा टॉयलेटच्या खिडकीच्या वरच्या कट्ट्यावर ठेवायचो, सहानंतर सगळे गेले की काढून घ्यायचा. आणि एक दिवस विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर कट्टा साफ. आमच्याकडं झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत, कंत्राटी, सकाळी आठला येतात, तोंडानं फटकळ, कुणी पान खाऊन जिन्यात थुंकलं तर साहेबाला सुद्धा सोडत नाहीत. मला वाटलं आता झालं. पुरुषांच्या टॉयलेटमध्ये पॅड सापडलाय ही बातमी ऑफिसात काय रूप घेईल याची मला बसल्या जागी पाच-सहा व्हर्जन सुचली, सगळी घाण. दिवसभर मी मावशींचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो. काही नाही. त्या माझ्या टेबलाखालून झाडू मारून गेल्या, म्हणाल्या, पाय वर घ्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या टॉयलेटमध्ये कोपऱ्यात एक लाल बादली होती. झाकणाची. आत काळी पिशवी लावलेली, आणि झाकणावर जुन्या लोकमतच्या चार-पाच घड्या करून ठेवलेल्या, बरोबर त्या मापाच्या. कुणी विचारलं तर? कुणी विचारलंच नाही. पुरुष टॉयलेटमध्ये काय आहे काय नाही याकडं बघत नाहीत. मावशी मला कधी काही बोलल्या नाहीत, मी त्यांना बोललो नाही. संक्रांतीला तिळगूळ दिला तेव्हा सगळ्यांसारखाच दिला, त्यांनी पण सगळ्यांसारखाच घेतला.

एवढं करून फटका बसला तो भलतीकडूनच. फेब्रुवारीत धाकट्या भावाचा गावाकडून फोन. आवाजच वेगळा. "दादा, तू माझ्यावर केस टाकलीस म्हणं. हायकोर्टात." साहेबांच्या ड्रायव्हरचं सासर आमच्या शेजारच्या गावात, तिथून पारावर, पारावरून आईच्या कानावर. आई दोन दिवस जेवली नव्हती. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात, चप्पल न काढता उभा. मी त्याला आत नेलं आणि सगळं सांगितलं, उशी दाखवली, डिस्चार्ज कार्ड दाखवलं. त्यानं ते वरपासून खालपर्यंत वाचलं, इंग्रजी कळत नाही तरी वाचलं. मग म्हणाला, "अरे मग करायचं की मूळव्याधीचं ऑपरेशन, माझ्यावर कशाला बिल फाडलंस?" मी म्हटलं मूळव्याध नाही, भगंदर. तो म्हणाला, "तेच ते." आईला समजवायला त्याला आठ दिवस लागले, आणि पारावरच्यांना अजून कुणी समजावलेलं नाही. तिथं अजून माझी केस चालू आहे. मधे एकानं विचारलं तारीख कधी आहे.

खर्च झाला छप्पन्न हजार, सगळं धरून. ते मेडिकल बिल सादर केलं असतं तर त्यातले काही कदाचित मिळालेही असते. पण ते बिल म्हणजे माझ्या लिंकवाल्याचं टेबल, मग अण्णा, मग साहेब, मग सिव्हिलला जिल्हा शल्यचिकित्सकांकडं तपासायला, तिथून परत आवक-जावकच्या मॅडमच्या रजिस्टरला नोंद, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या पानावर विषय. घरी गोदरेजच्या कपाटात पडून आहे. ही म्हणते छप्पन्न हजारांची लाज. मी म्हणतो लाज नाही, तर म्हणते मग काय? त्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. माणला त्या बदली झालेल्याला फोन करावा असं दोनदा मनात आलं, नंबर आहे, दरवर्षी त्याच्या सेवापुस्तकाची चौकशी करायला तोच करतो. पण काय बोलणार, सुरुवात कुठून करणार. केला नाही.

जखम फेब्रुवारीच्या मध्यावर पूर्ण भरली. उशी मार्चपर्यंत ठेवली, एकदम काढली तर परत प्रश्न. पॅड त्याच्या आधीच बंद झाले होते. पण एक गोष्ट, मी बंद केल्यावरही ती लाल बादली रिकामी नसायची. अधूनमधून आत काहीतरी पेपरात नीट गुंडाळलेलं दिसायचं. आमच्या मजल्यावर तीसेक पुरुष आहेत. कुणाचं काय ते मी शोधलं नाही. वर्षभरापूर्वी असतो तर दुपारपर्यंत शोधून काढलं असतं, रजा लेखे माझ्याकडंच आहेत.

एप्रिलमध्ये जडसंग्रहाची पडताळणी होती. नवीन भरती झालेला पोरगा आहे, एकदम प्रामाणिक, रजिस्टर घेऊन खुर्च्या-पंखे मोजत फिरत होता, मी बरोबर सहीपुरता. टॉयलेटपाशी थांबला आणि म्हणाला, भाऊसाहेब, ही बादली लाल, झाकणासह, एक नग, हिची कुठंच नोंद नाही, ना जडसंग्रहाला ना किरकोळला. खरेदी कधी झाली? मी म्हटलं बघू. म्हणाला, ऑफिसची नसेल तर काढून ठेवू का?

मावशी जिन्यात फरशी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. लागती कुणाकुणाला."